नाकाबंदीत साहेब म्हणाले "मोबाईल उघड", तर काय करायचं

माझा भाचा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सेकंड शिफ्ट करतो. मागं एकदा रात्री साडेबाराला घरी येताना नाकाबंदीत अडवलं, लायसन विचारलं, ह्यानं डिजीलॉकर उघडून फोनच हातात दिला, साहेबांनी लायसन बघितलं आणि तसंच पुढं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, मग गॅलरी, बायकोचे फोटो सुद्धा, पाच मिनिटं अंगठ्यानं खालीवर करत उभे, आणि मग "जा" म्हणाले. काहीच निघालं नाही. घरी आल्यावर मला विचारतो, मामा, मी नाही म्हणू शकत होतो का?

म्हणू शकत होता, पण कसं म्हणायचं ते माहीत पाहिजे.

आधी एक गैरसमज काढून टाका. रीलमध्ये बघून पोरं "वॉरंट दाखवा" म्हणतात, ते अमेरिकेचं. तिथं घटनेतच झडतीविरुद्ध दुरुस्ती आहे आणि 2014 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं अटक केलेल्या माणसाचा फोन बघायला सुद्धा साधारणपणे वॉरंट लागेल असं सांगितलं. आपल्याकडं 1954 मध्येच सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की असं कलम आपल्या घटनेत नाही. मग 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी एकमतानं प्रायव्हसी हा घटनेच्या कलम 21 खालचा मूलभूत हक्क ठरवला, म्हणजे सरकारला तुमच्या खाजगीत हात घालायचा तर कायदा पाहिजे, योग्य कारण पाहिजे आणि कारणाच्या मानानंच हात घातला पाहिजे. ऐकायला भारी वाटतं, पण सुप्रीम कोर्टाचा 1973 चा पूरणमल निकाल अजून उभा आहे, त्यात म्हटलंय की झडती चुकीची असली तरी सापडलेला पुरावा तेवढ्यावरून बाद होत नाही. म्हणून रस्त्यावर हुज्जत घालून हाती काही लागत नाही, आपल्याकडं जे कागदावर येतं तेच पुढं कामाला येतं.

तर रस्त्यावर काय करायचं. लायसनचं कार्ड पाकिटात ठेवा, फोनवरच दाखवायचं असेल तर फोन आपल्याच हातात धरा, आणि अँड्रॉइडला ॲप पिन करायची सोय असते ती चालू करून ठेवा, आणि बाहेर पडताना पिन विचारायची सेटिंगही लावा, म्हणजे पिनशिवाय त्या एका ॲपच्या बाहेर जाता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप दाखव म्हणाले तर आवाज न चढवता म्हणायचं, "साहेब, कोणत्या गुन्ह्यात पाहिजे? लेखी नोटीस द्या, मी हजर करतो." नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 मध्ये फोन, लॅपटॉप हजर करायला लेखी सांगायची सोय आहेच. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे, त्यामुळं जुन्या सीआरपीसीचे, म्हणजे आधीच्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचे, नंबर पाठ असतील तर विसरा. आणि हिसकावून घेतला तर सोडून द्या, झटापट करू नका, नाहीतर सरकारी कामात अडथळा म्हणून भलतंच कलम लागायचं.

गुन्ह्याचा संशय असेल तर त्याच संहितेच्या कलम 106 खाली फोन जप्त करता येतो. पण मग पंचनामा झाला पाहिजे आणि खरी गोम इथं आहे. माझ्या एका मित्राचं सिडकोत झेरॉक्सचं दुकान, एका प्रकरणात त्याचा फोन नेला, पंचनाम्यात लिहिलं "एक काळ्या रंगाचा वापरता मोबाईल", बास. आठ महिन्यांनी मिळाला तर आतलं मेमरी कार्ड गायब. विचारलं तर म्हणे कार्ड होतंच कुठं, कागदावर दाखवा. म्हणून कंपनी, मॉडेल, दोन्ही आयएमईआय नंबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), सिम, कार्ड, काच कुठं फुटलीये, चालू होता की बंद, पाकीट सील केलं का, सगळं लिहून घ्या. आयएमईआय आत्ताच *#06# दाबून डायरीत लिहून ठेवा, फोन गेल्यावर कुठून काढणार. यादीची प्रत मागा, कोऱ्या कागदावर सही नाही, आणि पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर तर सही लागतच नाही.

आता पासवर्ड. घटनेचं कलम 20(3) म्हणतं आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, डोक्यातला पासवर्ड त्यात येतो का यावर कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत. अंगठ्याचं मात्र 1961 पासून ठरलेलं आहे की बोटांचे ठसे म्हणजे साक्ष नव्हे. म्हणजे अंगठ्याच्या लॉकला सहा आकडी पिनपेक्षा कायद्याचा आधार कमी. फोन एकदा बंद करून चालू केला की तो आधी पिनच मागतो, एवढं ध्यानात ठेवा. आयटी ॲक्टच्या कलम 69 खाली डेटा उघडून द्यायचा आदेश निघू शकतो आणि तो मोडला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तो आदेश गृहसचिवांच्या पातळीवरचा, नाकाबंदीतल्या हवालदाराचा नाही.

घरी झडतीला आले तर ओळखपत्र आणि गुन्हा रजिस्टर नंबर विचारा, दार अडवू नका. वॉरंट नसतानाही नव्या संहितेच्या कलम 185 खाली येता येतं, पण कारण लेखी नोंदवून, आणि ती नोंद 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडं गेली पाहिजे. झडतीचं व्हिडिओ शूटिंग आता कायद्यानंच करायचंय, चालू आहे का विचारा. दोन पंच लागतात, घरच्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहता येतं, बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची.

फोन अडकून पडला तर मॅजिस्ट्रेटकडं त्याच संहितेच्या कलम 503 खाली सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन अशा हमीवर, परत मागायचा अर्ज करा. 2002 च्या सुंदरभाई देसाई निकालात सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय की मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याच्या वर पडून राहू नये. मित्राला हे तेव्हा माहीत असतं तर आठ महिने गेले नसते. वकील परवडत नसेल तर नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, किंवा 15100 ला फोन लावा.

भाच्यानं अंगठा काढून पिन लावलाय. मशीनवरून आल्यावर तेलकट हातानं सहा आकडे दाबताना रोज एकदा मला शिव्या घालतो.