विहिरीतला दम समुद्रात कोंडू नका: अंदमानला स्कुबा करताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की परभणी-लातूरकडून कुणाचा तरी फोन येतोच. "अंदमानला चाललोय, स्कुबा करायचंय. पोहणं तर येतंच की!" पोहणं म्हणजे पाठीला भोपळा बांधून विहिरीत शिकलेलं, मोटेच्या थारोळ्यावरून मुटका मारलेलं, तळाचा गाळ मुठीत आणून दाखवलेला. नेमकं तेच तिथं नडतं.

विहिरीत आपण वरून दम भरतो, कोंडतो, वर येऊन सोडतो. स्कुबात, म्हणजे पाठीवरच्या टाकीतून श्वास घेत पोहताना, हवा खाली, दाबाखाली भरली जाते. दहा मीटरवर दाब दुप्पट. तिथं भरलेली छाती कोंडून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटायला दीड मीटरसुद्धा पुरतो. म्हणून काहीही झालं तरी श्वास चालू ठेवा. मी मनात 'विठ्ठल विठ्ठल' म्हणत राहतो; घाबरलो तरी लय तुटत नाही. वर येणंही मिनिटाला नऊ मीटरपेक्षा सावकाश, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबूनच.

दुसरा माझा राग सर्दीवर. मामेभाऊ नाक चोंदलेलं असताना स्प्रे मारून उतरला, कारण "पैसे भरलेत". तीन-चार मीटरवर कान ठणकायला लागला. नाक दाबून हलकेच फुंकर मारायची, उघडला नाही तर थोडं वर यायचं, एवढं त्याला सांगितलं होतं. पण सोबतच्यांसमोर कमीपणा नको म्हणून दात-ओठ खात खालीच गेला. वर आला तेव्हा मास्कमध्ये रक्त, कानाचा पडदा फाटलेला. उरलेले चार दिवस मंडळी बेटं फिरली, हा हॉटेलात कानात कापूस घालून बसला. स्प्रेचा असर पाण्यातच ओसरला, तर वर येतानाही कान अडकतो. सर्दी असेल तर मी किनाऱ्यावर नारळपाणी पीत बसतो.

अंगठा वर करू नका. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मस्त' नाही, 'वर चला' असा होतो.

आरोग्याच्या फॉर्मवर डोळे मिटून सगळीकडे 'नाही' लिहिणारे तर ढिगाने. दमा, फिट, हृदयाचा त्रास असेल, तर तपासणी गावातच करून घ्या. रात्रीची दारूही नको.

आणि तिकीट! सकाळी डाइव्ह, दुपारी हैदराबादचं विमान, असा बेत आखणाऱ्यांना मी हात जोडतो. पाण्याखाली श्वासातून अंगात विरघळलेला नायट्रोजन विमानात बुडबुडे होऊन बाहेर पडू शकतो. एका डाइव्हनंतर किमान 12 तास, जास्त केल्या असतील तर 18 तास थांबायचं. मी 24 धरतो. सांधे दुखले, मुंग्या आल्या तर झोपून बघू म्हणू नका, लगेच ऑक्सिजन आणि डॉक्टर मागा. उपचाराचा चेंबर (दाबाखाली ऑक्सिजन देणारी बंद खोली) प्रत्येक बेटावर नसतो, स्वराज द्वीपवरून (पूर्वीचं हॅवलॉक) पोर्ट ब्लेअरलाच (आताचं श्री विजयपुरम) बोटीने दोनेक तास जातात. शेवटचा अख्खा दिवस मी सेल्युलर जेल बघायला राखून ठेवतो.