खानदेशात घरून कॉम्प्युटर सपोर्टचा व्यवसाय कसा सुरू करावा

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कॉम्प्युटर आता फक्त ऑफिसात राहिलेला नाही. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्याकडे तो आहे, चोपड्याच्या जिनिंगमध्ये आहे, शहाद्याच्या कृषी सेवा केंद्रात आहे आणि अकरावीतल्या पोरीच्या टेबलावरही आहे. तो बंद पडला की लोक शहर गाठतात आणि मशीन चार-आठ दिवस तिथेच अडकून पडतं. म्हणून तालुक्याच्या गावात घरून हे काम करणाऱ्याला वाव आहे. मात्र इथलं काम पुण्या-मुंबईसारखं नाही. इथे मशीन बिघडण्यामागे सॉफ्टवेअरइतकीच वीज, धूळ आणि ऊन ही कारणं असतात. ती ज्याला ओळखता येतात, त्याचाच जम बसतो.

आधी काय करणार ते ठरवा

सगळंच करतो म्हणू नका. सुरुवातीला पाच कामं पुरेत: विंडोज टाकणं, एसएसडी (वेगवान डिस्क) आणि रॅम (मेमरी) वाढवणं, साफसफाई, प्रिंटर आणि वायफाय जोडणं, बॅकअप. मदरबोर्डवरचं चिपचं काम हात बसल्याशिवाय घेऊ नका. ते ज्याला येतं अशा शहरातल्या कारागिराशी संबंध जोडा आणि ग्राहकाला तसं आधीच सांगा.

एक काम सध्या आपणहून चालून येतं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुनं मशीन त्यात बसत नसेल आणि काम फक्त इंटरनेट-टायपिंगचं असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून द्या, ती मोफत आहे. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला मात्र हा सल्ला देऊ नका, कारण ते विंडोजसाठीच बनलेलं आहे. क्रॅक केलेलं विंडोज कुणाच्याच मशीनवर टाकू नका. ब्रँडेड लॅपटॉपमध्ये विंडोजची की बहुतेक वेळा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी चांगल्या लॅपटॉपवर उगाच चोरीचं विंडोज बसलेलं दिसतं.

खोली आणि हत्यारं

पत्र्याची वरची खोली नको. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तिथे ना तुम्ही बसू शकाल ना मशीन टिकेल. धाब्याचं घर असेल तर वरून माती झरते, त्यामुळे कामाच्या टेबलावर कापडी छत बांधून घ्या. कूलर आणि कामाचं टेबल विजेच्या एकाच बोर्डवर ठेवू नका. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली येतं आणि ओली हवा थेट उघड्या मदरबोर्डवर जाते.

हत्यारं थोडी पण चांगली घ्या. स्क्रू-ड्रायव्हरचा सेट, डिजिटल मल्टिमीटर, ब्लोअर, ब्रश, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक चालू एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय), चाचणीपुरती रॅम, डिस्क बाहेरून जोडायची साटा-यूएसबी केबल, मोठी बाहेरची हार्ड डिस्क आणि विंडोज-लिनक्स टाकण्यासाठी व्हेंटॉय हे सॉफ्टवेअर घातलेला पेनड्राइव्ह एवढ्यावर काम सुरू होतं. पार्टचा साठा करू नका. पार्टसाठी जळगावचं गोलाणी मार्केट आहे आणि नंदुरबारकरांना रेल्वेने सुरत गाठता येतं.

तपासणीची सुरुवात विजेच्या बोर्डापासून

ग्राहकाच्या घरी गेलात की स्क्रू-ड्रायव्हर नंतर काढा, आधी मल्टिमीटर काढा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त आलं, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग तपासून घ्यायला सांगा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. ते काम वायरमनचं, तुम्ही हात घालू नका.

लाइट गेली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, ही तक्रार इथे फार येते. घरच्या बऱ्याच इन्व्हर्टरवर नॉर्मल आणि यूपीएस असे दोन मोड असतात. नॉर्मलमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात मशीन बंद पडतं. बटण यूपीएस मोडवर केलं की अनेकदा तक्रार मिटते. याचे तपासणी फीपेक्षा जास्त पैसे घेऊ नका. अशा प्रामाणिक कामाची चर्चा गावभर होते.

जिनिंगमध्ये कापसाचे तंतू पंख्यात अडकतात, डाळ मिलमध्ये चुनीचा थर बसतो. मशीन तापून बंद पडतं आणि ग्राहक म्हणतो, व्हायरस आला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर जोरात फिरून बेअरिंग जातं.

डेटा मशीनपेक्षा महाग

फॉरमॅट करायच्या आधी बॅकअप घ्या, ग्राहक नको म्हणाला तरी एकदा विचारा आणि त्याचं उत्तर जॉब कार्डवर लिहून सही घ्या. कार्डवर तक्रार त्याच्याच शब्दांत, सिरियल नंबर, रॅम-डिस्क किती, चार्जर आला की नाही, हे सगळं लिहा. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे पाठवायला सांगा.

पासवर्ड शक्यतो ग्राहकालाच टाकू द्या. फोटो, चॅट उघडू नका. विश्वासाने लॅपटॉप देणाऱ्या ताई-माईंचा प्रश्न असतो. शिवाय परवानगीशिवाय डेटात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली गुन्हाही ठरू शकतो.

एनीडेस्क या ॲपने ग्राहकाचं मशीन घरबसल्या दुरून चालवून मदत करत असाल तर नियम आणखी कडक ठेवा. याच ॲपच्या नावाने लोकांना लुटलं जातं, म्हणून फोन ग्राहकानेच करावा. ओटीपी कधीही विचारू नका, बँकेचं ॲप उघडायच्या आधी माझं कनेक्शन तोडा असं सांगा, आणि काम झालं की कायमच्या प्रवेशाचा पासवर्ड काढून टाका. कुणी फसलाच असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावा.

कागद आणि पैसे

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर सरकारी पोर्टलवर मोफत होते. पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर दुकाने-आस्थापनांच्या कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तोवर सर्वसाधारणपणे जीएसटी लागत नाही. व्यवसायाचं खातं मात्र पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.

तपासणी फी वेगळी, मजुरी वेगळी, पार्ट वेगळा, असं तीन ओळींत बिल लिहा. “भाऊ, कापूस विकना का देस” (कापूस विकला की देतो) असं ओळखीचा माणूस म्हणेल. मजुरीच्या पैशांसाठी थांबा, माणूस जोडला जातो. पार्टचे पैसे मात्र आधी घ्या, तिथे उधारी झाली की तुमचंच भांडवल अडकतं.

खरा आधार वार्षिक करारांचा. दुकानं, दवाखाने, सीएंची ऑफिसं, सेवा केंद्रं यांच्याकडे जा. करारात किती फेऱ्या आणि पार्ट धरलेला नाही हे स्पष्ट लिहा. एक फेरी फेब्रुवारीत ठेवा, म्हणजे मार्चएंडआधीचा बॅकअप आणि उन्हाळ्याआधीची साफसफाई दोन्ही होतं. जिनिंगवाल्यांची दुसरी फेरी हंगाम जोरात आल्यावर, डिसेंबरच्या सुमारास घ्या.