फसवणुकीची तक्रार इंग्रजीत लिहायची तर

फोनवरून पैसे गेले की आपल्या माणसाला दुहेरी मार बसतो. पैसे जातात ते जातातच, वर तक्रार कुठल्या भाषेत करायची हा घोर. बँकेतला साहेब आंध्रचा नाहीतर बिहारचा, पोलीस ठाण्यातला कारभार कन्नडात, फॉर्म इंग्रजीत. बेळगावात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. येळ्ळूर, कंग्राळी, खानापूरकडची मंडळी असे अर्ज टाइप करून घ्यायला येतात. त्यात कुठला इंग्रजी शब्द कुठं घालायचा, ते सांगते.

पण अर्ज नंतर. आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तोही लगेच. तुमचे पैसे चोराच्या स्वतःच्या खात्यात जातच नाहीत. कमिशनच्या लोभानं कुणीतरी वापरायला दिलेल्या खात्यात जातात, तिथून पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. अशा खात्याला म्यूल अकाउंट म्हणतात. तिथून पैसे निघायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. घरचे ओरडतील म्हणून मेसेज पुसून टाकू नका. तोच तुमचा पुरावा आहे.

आता अर्ज. सगळ्यात जास्त वेळा मी खोडते ते वाक्य म्हणजे ‘आय चीटेड फॉर्टी थाउजंड रुपीज’. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, मला चाळीस हजाराला फसवलं. कागदावर मात्र उमटतं, मी चाळीस हजाराला फसवलं! मधे ‘वॉज’ हवाच: ‘आय वॉज चीटेड ऑफ फॉर्टी थाउजंड रुपीज’. खात्यातून परस्पर रक्कम गेली असेल तर ‘वॉज डेबिटेड विदाउट माय कन्सेंट’ लिहा.

दुसरा शब्द ‘अनऑथोराइज्ड’, म्हणजे तुमच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार. बँकेत यालाच सगळ्यात जास्त वजन आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा पडत नाही. पण ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर हा शब्द वापरू नका. बँकेकडं सगळी नोंद असते आणि खोटं पकडलं गेलं की खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा ‘आय वॉज डिसीव्हड इंटू शेअरिंग द ओटीपी’ असं सरळ लिहा. कळवेपर्यंतचं नुकसान अशा वेळी तुमच्या अंगावर येतं, कळवल्यानंतर गेलेले पैसे मात्र बँकेनं सोसायचे. म्हणून कळवल्याची तारीख आणि वेळ अर्जात हवीच.

प्रकारही नावानिशी लिहावा. खोट्या लिंकवर माहिती भरून घेतली तर फिशिंग, फोनवर बोलून काढून घेतली तर व्हिशिंग. एटीएमवर कार्डाची नक्कल झाली तर स्किमिंग. नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना व्याज देणारी स्कीम म्हणजे पॉन्झी. 1920 साली बोस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीनं 45 दिवसांत 50 टक्के नफा देतो म्हणून लोकांना बुडवलं, त्याचं हे नाव.

पोलीस किंवा सीबीआय असल्याचं भासवलं तर ‘इम्पर्सोनेशन’ लिहा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318, तोतयेगिरीनं फसवल्याचं 319. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस ‘यू आर अंडर डिजिटल अरेस्ट’ म्हणतो, दार लावून घ्यायला सांगतो, घरात कुणाला बोलू देत नाही. मामा, मावशी, नीट ऐका: असली अटक आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. कॅमेऱ्यासमोर बसवून कुणी कुणाला अटक करत नाही. फोन बंद करा आणि शेजाऱ्याला हाक मारा. याच भीतीपायी आपल्या खानापूर तालुक्यात 2025 मध्ये जीव गेलेत. पैसे गेले तरी माणूस राहायला हवा, म्हणून घरच्यांनी आधी धीर द्यावा, हिशोब मागाहून विचारावा.

तक्रार सायबर गुन्ह्यांच्या सीईएन (सायबर, इकॉनॉमिक, नार्कोटिक्स) पोलीस ठाण्यात द्या. बेळगाव शहरासाठी ते वेगळं आहे आणि निपाणी, खानापूर धरून बाकी जिल्ह्यासाठी वेगळं. चुकीच्या ठाण्यात गेलात आणि ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर ‘झिरो एफआयआर’ म्हणा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घेणं त्यांना भाग आहे.

अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही मागा. मेसेजचे स्क्रीनशॉट कागदावर छापून जोडा आणि प्रत्येक पानावर तुमची सही करा. 1930 वर मिळालेला तक्रार क्रमांक अर्जात वरच, विषयाच्या ओळीत घाला.