बेळगावहून बेंगळूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी निघताना

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून इंजिनिअरिंग करून बेंगळूर गाठणाऱ्या मुलामुलींचं पहिल्या वर्षी जिथे अडतं, ती जागा बहुतेक वेळा कोडमध्ये नसते. आधारवरचं नाव मार्क्स कार्डशी जुळत नाही. ऑफर लेटरमधला बाँड सही झाल्यावर वाचला जातो. काम अडलंय हे तीन दिवस कुणाला कळवलं जात नाही. आपल्याकडे मुकाट्याने राबणाऱ्याला गुणी म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये मात्र जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही असं धरलं जातं, आणि ही सवय घर सोडायच्या आधीपासून लावून घ्यावी लागते.

नाव सगळीकडे एकच हवं

आपल्या भागात मराठी नाव आधी शाळेत कन्नडमध्ये जातं, तिथून इंग्रजीत. त्यात कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, कुठे 'पाटील'चं स्पेलिंग एका 'आय'ने तर कुठे दोन 'ई'ने. गावात यानं काही बिघडत नाही. पण कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारी एजन्सी अक्षर न् अक्षर ताडून पाहते, आणि पीएफचा यूएएन नंबर, जो नोकरी बदलली तरी तोच राहतो, आधारवरच्या नावाने निघतो. जुळलं नाही की जॉइनिंग लांबतं, किंवा दोन वर्षांनी नोकरी बदलताना पीएफ अडकतो.

एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्स कार्ड मूळ धरा. त्याप्रमाणे आधी आधार, मग पॅन, मग बँक खातं, याच क्रमाने दुरुस्त करा, कारण पुढच्या दोन्ही ठिकाणी आधारच दाखवावं लागतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून अर्ज भरताना स्पेलिंग दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. हे काम शेवटच्या सेमिस्टरला उरकावं. ऑफर आल्यावर धावपळ केली तर तारखा जुळत नाहीत. चूक मार्क्स कार्डातच असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज करा. त्याला वेळ लागतो, म्हणून तोवर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र जवळ ठेवा.

इंजिनिअरिंगचं विद्यापीठ, व्हीटीयू, बेळगावजवळ आपल्याच मच्छ्याला आहे याचा फायदा घ्या. सगळ्या सेमिस्टरची मार्क्स कार्डं आणि प्रोव्हिजनल डिग्री सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय गाव सोडू नका. बेंगळूरहून त्यासाठी परत येणं म्हणजे जाऊन-येऊन हजार किलोमीटर आणि दोन दिवसांची रजा. मूळ कागद कुणाकडेही ठेवायला द्यायचे नाहीत. पडताळणीसाठी दाखवा आणि त्याच बैठकीत परत घ्या. 'मूळ मार्क्स कार्ड दोन वर्षं आमच्याकडे राहील' अशी अट असेल, तर ती नोकरी सोडलेली बरी.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा माणूस किंवा कन्सल्टन्सी, मग ती कितीही ओळखीची असो, टाळा. त्याहून वाईट म्हणजे विकत घेतलेला खोटा अनुभव. पीएफचा इतिहास बघितला की तो उघडा पडतो, आणि मग चांगलं काम करत असलात तरी त्याच दिवशी घरी पाठवतात. या वाटेनं गेलेली हुशार पोरंसुद्धा आयुष्यभर मागचा कागद झाकत बसतात.

साडेचार लाखांचे हातात किती

सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, हा हातात येणारा पगार नव्हे. ४,५०,००० च्या ऑफरचं उदाहरण घेऊ. मूळ पगार निम्मा, म्हणजे वर्षाला २,२५,०००. कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरत असेल तर तिचा वाटा महिन्याला १,८००, वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, सुमारे १०,८२०. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, १० टक्के धरला तर ४५,०००. विम्याचा हप्ता ८,००० धरू. हे सगळं वजा केलं की उरतात साधारण ३,६४,५८०, म्हणजे महिन्याला ३०,३८० च्या जवळपास. त्यातून तुमचा पीएफचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात येतात २८,४०० च्या आसपास. घरी आकडा सांगताना हाच सांगा, नाहीतर वडील ३७,५०० गृहीत धरून कर्जाचा हप्ता ठरवतात.

व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापला जातो, त्यात चूक काही नसते. प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे या पगारावर कर वाचवून देतो म्हणून विमा पॉलिसी विकायला येणाऱ्या नातेवाइकाला नम्रपणे नाही म्हणा.

ऑफर लेटरमध्ये चार ओळी शोधून वाचा: बाँड किती वर्षांचा व मोडल्यास किती रक्कम, प्रोबेशन किती, नोटीस पीरियड किती दिवसांचा, आणि जॉइनिंग बोनस कधीपर्यंत परत मागता येतो. ९० दिवसांची नोटीस मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत सर्रास आहे. तोंडी आश्वासन दिलं असेल, समजा 'सहा महिन्यांनी पगार वाढवू', तर त्याच दिवशी एचआरला मेल टाका: आज आपलं असं बोलणं झालं, मी बरोबर समजलो ना? उत्तर आलं तर पुरावा झाला, आणि नाहीच आलं तर त्या आश्वासनाची किंमतही कळली.

महिन्याच्या मध्यानंतर रुजू झालात तर पहिला पगार पुढच्या महिनाअखेरीस मिळू शकतो. म्हणून निदान ४५ दिवसांचा खर्च सोबत हवा. शेअरिंगची पीजी जेवणासकट ८ ते १२ हजारांत मिळते, डिपॉझिट एखाद्या महिन्याचं. फ्लॅटला मात्र पाच-सहा महिन्यांचं आणि काही ठिकाणी दहा महिन्यांचं डिपॉझिट मागतात, आणि सोडताना रंगकामाचे म्हणून महिन्याचं भाडं कापतात. ही कपात ११ महिन्यांच्या करारात लिहिलेली आहे का ते पाहा. घरात पाय ठेवायच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, नळाचा फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

पीजी ऑफिसवरून ठरवायची, मित्रांवरून नाही. खासगी बस यशवंतपूर भागात सोडते. तिथून मेट्रोची ग्रीन लाइन घ्या. व्हाइटफील्डला जायचं तर मॅजेस्टिकला उतरून पर्पल लाइन, इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचं तर आर. व्ही. रोडला उतरून यलो लाइन, जी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. मारतहळ्ळी-बेलंदूर पट्ट्यात ऑफिस असेल तर चालत जाता येईल एवढ्यावरच राहा. रोजचे तीन तास रस्त्यात गेले तर शिकायला वेळ उरत नाही, आणि पहिल्या दोन वर्षांत तोच सगळ्यात मोलाचा असतो.

कन्नड, इंग्रजी आणि आपण

बेळगावात शिकलेलं कन्नड बेंगळूरला चालतं, फक्त लय वेगळी. आपण 'हौद्री', 'ऐत्री' म्हणतो, तिथे 'हौदु', 'इदे'. मागचं 'री' तिथेही आदराचंच, ते सोडू नका. फारसं येत नसेल तर 'कन्नड स्वल्प बरुत्ते' एवढं म्हणून सुरुवात करा. मोडकं बोलणाऱ्याला लोक सांभाळून घेतात. १ नोव्हेंबरला बेंगळुरात राज्योत्सव आणि सुट्टी असते. आपल्याकडे सीमाप्रश्नामुळे तो काळा दिवस म्हणून पाळतात, हे तुम्हाला माहीत आहे. तो विषय ऑफिसच्या ग्रुपवर काढू नका. समोर बसलेल्या सहकाऱ्याने तो प्रश्न निर्माण केलेला नाही.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. कामापुरती इंग्रजी फार थोडी लागते आणि ती बहुतेक लिहायची असते. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. मिटिंगमध्ये बोलणं सुचत नसेल तर आदल्या रात्री तीन वाक्यं लिहून ठेवा: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलं. स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मिटिंगला, याहून जास्त कुणी विचारत नाही. वरिष्ठांना सर-मॅडम न म्हणता नावाने हाक मारायची पद्धत आहे. जीभ अडखळते, पण तो उद्धटपणा समजला जात नाही.

अडलं तर कसं विचारायचं

अर्धा-पाऊण तास स्वतः झटा. मग विचारा. त्यापुढे गप्प बसणं म्हणजे टीमचा वेळ खाणं. चॅटवर नुसतं 'हाय' टाकून वाट पाहू नका. एकाच संदेशात लिहा: काय करायचं होतं, नेमकी कोणती कमांड दिली, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं. एरर मेसेज जसाच्या तसा मजकूर म्हणून चिकटवा, मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो नको, कारण त्यातलं काही शोधता येत नाही. असा संदेश लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं.

एरर वाचायलाही शिकावं लागतं. जावाच्या स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे एरर कुठून कुठे गेली त्या यादीत, सगळ्यात शेवटचं 'कॉज्ड बाय' मूळ कारणाशी नेतं, पायथनमध्ये खालची शेवटची ओळ आधी वाचायची. त्यानंतर आपल्या प्रोजेक्टच्या फाइलचं नाव जिथे दिसतं ती ओळ. लॉगमधली, म्हणजे सिस्टमने केलेल्या नोंदींतली, वेळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या साडेपाच तास मागे. रात्री १ वाजता बिघडलं असेल तर लॉगमध्ये आदल्या तारखेचे १९:३० शोधा. नवीन माणूस इथे तासन् तास चुकीच्या तारखेचा लॉग चाळतो.

पहिल्या आठवड्यात लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालू करताना रीडमीमध्ये (प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) नसलेली प्रत्येक पायरी टिपून ठेवा आणि तीच भर रीडमीत घालून रिव्ह्यूला, म्हणजे सहकाऱ्यांच्या तपासणीला, पाठवा. तुमचा पहिला बदल हाच असावा. कुणाचं नुकसान होत नाही, पुढच्या माणसाचा दिवस वाचतो, आणि कोड पाठवण्याची सगळी वाट पायाखालची होते.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या ही विनंती, दोन-तीनशे ओळींच्या आत ठेवा. हजार ओळींची रिक्वेस्ट कुणी नीट वाचत नाही, नुसती मंजूर करतात आणि चूक पुढे जाते. उद्यमबागेत फाउंड्री पाहिलेल्याला हे लगेच पटेल: कास्टिंगमधलं ब्लोहोल, म्हणजे हवेने राहिलेलं छिद्र, मशीनिंगनंतर सापडलं तर धातू पुन्हा वितळवता येतो, पण मशीनिंगची मजुरी बुडते. रिव्ह्यूत सापडलेली चूक दहा मिनिटांत सुटते, तीच ग्राहकाकडे गेल्यावर कुणाची तरी रात्र खाते. रिव्ह्यूत शेरे आले तर तो अपमान नव्हे. प्रत्येक शेऱ्याखाली 'बदललं' किंवा 'या कारणाने तसंच ठेवलं' असं लिहा. उत्तर न देता शेरा बंद करू नका.

पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरण्याची गुप्त किल्ली) गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल साठवणाऱ्या साधनात, टाकायची नाही. चुकून गेली तर पुढच्या कमिटमध्ये (साठवलेल्या बदलात) पुसून उपयोग नाही, ती इतिहासात राहते. ताबडतोब वरिष्ठांना सांगा आणि ती की रद्द करून नवी काढा. लपवण्याचा मोह होतो, पण इथे लपवणंच खरा गुन्हा ठरतो. कंपनीचा कोड बाहेरच्या एआय चॅटबॉटमध्ये चिकटवणंही तसंच: कंपनीने परवानगी दिलेलं साधन असेल तेच वापरा. एआयने लिहून दिलेली ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नसेल तर ती पाठवू नका. पहिल्या वर्षात स्वतः अडखळत लिहिलेल्या कोडनेच हात बसतो, असं आमचं ठाम मत आहे.

कंपनी कुठल्या धाटणीची

इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बेंगळूरला आली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये इथे स्वतःचं केंद्र काढलं. शहरात आजही याच दोन जाती प्रामुख्याने दिसतात: ग्राहकाला माणसांचे तास विकणारी सर्व्हिस कंपनी, आणि परदेशी कंपनीचं स्वतःचं इथलं केंद्र. सर्व्हिस कंपनीत प्रशिक्षण चांगलं मिळतं, फ्रेशर्सना घेतात, पण प्रोजेक्ट तुम्ही निवडत नाही. बेंचवर, म्हणजे प्रोजेक्ट न देता नुसतं, बसवलं तर तो काळ सुट्टी समजू नका. कंपनीच्या आतल्या पोर्टलवर कुठल्या प्रोजेक्टला माणसं हवीत ते रोज पाहा आणि तिथल्या मॅनेजरला थेट लिहा. टेस्टिंग किंवा सपोर्टला टाकलं म्हणून रडत बसण्यात अर्थ नाही. सपोर्टमध्ये सिस्टम कुठे मोडते ते कळतं, आणि छोटी स्क्रिप्ट लिहून रोजचं हातकाम कमी केलंत तर ते रेझ्युमेवर दाखवता येतं.

स्टार्टअपमध्ये शिकायला भरपूर, खात्री कमी. ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, देत असतील तर ते साधारण चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर बहुधा काहीच नाही. घर चालवण्याचा हिशेब रोख पगारावरच करा.

सोडताना

दुसरी ऑफर लेखी आल्याशिवाय राजीनामा नाही. राजीनामा मेलने द्या, तारीख टाका. शेवटच्या दिवसापर्यंत काम कुणाच्या हवाली केलं ते लिहून ठेवा. रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि मिळालेले फॉर्म १६ (पगारावर कापलेल्या कराचं प्रमाणपत्र) कंपनीचा मेल बंद होण्याआधी स्वतःच्या मेलवर घ्या. नंतर मिळवताना नाकी नऊ येतात. यूएएन तोच पुढे न्या, पीएफ काढून घेऊ नका.

आणि गणपती. बेंगळुरात चतुर्थीची एक सुट्टी मिळते, अनंत चतुर्दशीची नाही. ऑन-कॉलची पाळी, म्हणजे बिघाड झाला तर धावून जायची जबाबदारी, त्या आठवड्यात पडत असेल तर दोन महिने आधी सहकाऱ्याशी अदलाबदल करा, बदल्यात त्याची दिवाळी तुम्ही सांभाळा, आणि हे टीमच्या कॅलेंडरवर नोंदवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्रीची आहे, ऑफिस करून पकडता येते. वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे, पण ती दिवसाची गाडी, रजेचा दिवस खाते. आठच्या ठोक्याला लॉगिन करून बसा, गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात.