लेकीसोबत जुनी मोटारसायकल उभी करताना
लेक चौदाची झाली तेव्हा आम्ही जुनी गाडी उघडली. ठरलं एकच: पाना तिच्या हातात, टॉर्च माझ्या. भाग काढण्याआधी फोटो, नटबोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत.

रंगाची घाई नको. इंजिन जाम असेल तर स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकातून थोडं तेल सोडा आणि दोन दिवस थांबा. किकवर जोर लावू नका.

मग कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. दोष बहुधा पायलट जेटमध्ये, म्हणजे त्यातल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीत असतो: केसाएवढं भोक, त्यात वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर. लोखंडी तार घालू नका, भोक मोठं होतं. संरक्षक चष्मा लावून कार्बोरेटर क्लीनर फवारा, हवा मारा. जेट उजेडाकडे धरून लेक ओरडली, “बाबा, आरपार दिसतंय!”

ब्रेक शू आणि केबल मात्र नव्याच घाला.