प्रिंट काळपट आणि लालसर येत होत्या, त्या स्क्रीनशी कशा जुळल्या

साताऱ्यात घरच्या इंकजेटवर कासचे फोटो छापले की तेरड्याचा गुलाबी-जांभळा विटकरी यायचा आणि सगळं चित्रच काळपट. हेड क्लीनिंग, नवी शाई, फोटोतच निळा वाढवणं, सगळं करून पाहिलं. जीव मेटाकुटीला आला.

दोष दोन होते. स्क्रीन फार उजळ होती, आणि रंगांची दुरुस्ती दोनदा होत होती: एकदा फोटोशॉपमध्ये, पुन्हा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये.

आधी मॉनिटर अर्धा तास तापू दिला. मग मित्राच्या कॅलिब्रेटरने (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं उपकरण) पांढरा रंग ६५०० केल्व्हिनवर, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२ वर आणि उजळपणा १०० कँडेला प्रति चौरस मीटरवर आणला. फरकाचा मोठा भाग इथेच मिटला. नंतर माझ्या प्रिंटरसाठी, त्याच कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) कागद कंपनीच्या साइटवरून घेतलं. प्रिंट करताना 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडून ते प्रोफाइल दिलं, 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' (न छापता येणारे रंग जवळच्या रंगावर आणणारी पद्धत) ठेवलं, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फोटोतला काळा प्रिंटच्या काळ्याशी जुळवणं) चालू केलं. ड्रायव्हरमध्ये आधी कागदाचा प्रकार, मग कलर मॅनेजमेंट बंद. ही शेवटची पायरी विसरलात तर बाकीचं फुकट.

प्रिंट रात्रभर वाळू द्या आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबखाली नको. तेरडा आता तेरड्यासारखा दिसतो. अगदी गडद जांभळा थोडा फिका येतो, कारण शाईची पोच तिथवर नाही. सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवर दाखवणाऱ्या फोटोशॉपच्या सोयीत, ते छापण्याआधीच दिसतं.