अनावर्ती स्फटिक : आलेख वाचताना या चुका टाळा

कोकणातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र किंवा भूशास्त्र शिकवणाऱ्या आणि क्ष-किरण विवर्तनाचे (स्फटिकातून विखुरलेल्या किरणांवरून अणूंची रचना शोधण्याच्या पद्धतीचे) आलेख बाहेरून काढून आणणाऱ्या प्राध्यापकांसमोर कधी ना कधी असा आलेख येतो, ज्यातली ठळक शिखरे त्यांना क्रमांक म्हणून दिल्या जाणाऱ्या तीन पूर्णांकांत बिनबोभाट बसतात आणि उरलेली काही बारीक शिखरे काही केल्या बसत नाहीत. त्यांना लगेच अशुद्धी ठरवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ती अनावर्ती स्फटिकाची, म्हणजे अणूंची रचना शिस्तीत असूनही ठरावीक अंतराने तंतोतंत पुन्हा न येणाऱ्या स्फटिकाची, खूणही असू शकतात.

तिच्या मुळाशी एक समज आहे : आवर्तन नाही म्हणजे शिस्त नाही. कौलांची रुंदी आणि खालच्या वाशांतले अंतर यांचे गुणोत्तर अपरिमेय असेल, तर एकदा जुळलेली कड पुढे कधीच तंतोतंत जुळणार नाही, तरीही छप्पर शिस्तीतच राहते. अणूंच्या अशाच रचनेतून तीक्ष्ण शिखरे मिळतात. म्हणूनच इंटरनॅशनल युनियन ऑफ क्रिस्टलोग्राफीने 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्येत आवर्तनाची अट न ठेवता सुट्या, स्पष्ट विवर्तनालाच स्फटिकाची खूण मानले.

बारीक शिखरे वगळून रचना सोडवली, तर हाती येते ती केवळ सरासरी रचना. त्यात काही अणूंची कंपने अवास्तव मोठी दिसतात आणि मग ‘डिसऑर्डर’ (अणूंच्या जागा अव्यवस्थित) असा शेरा मारून प्रकरण मिटवले जाते. हा शेरा मारण्याआधी मूळ विवर्तनचित्रे डोळ्यांनी पाहावीत. मोठी युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान घटक) घेऊन अपूर्णांक बळेच बसवणेही तितकेच फसवे आहे. वेगवेगळ्या तापमानांना मोजणी केल्यावर बारीक शिखरांचे स्थान सलग सरकत गेले, तर ती मोठी सेल खरी नव्हती, असे समजावे.

उरलेली शिखरे बसवण्यासाठी मांडल्या जाणाऱ्या चौथ्या मितीला घाबरण्याचे कारण नाही. स्फटिक त्रिमितच असतो, फक्त शिखरांना क्रमांक देण्यासाठी चार पूर्णांक लागतात. विंशतिफलकी क्वासिक्रिस्टलला (आवर्ती रचनेत न बसणारी सममिती असलेल्या अनावर्ती स्फटिकाला) सहा.

प्रत्येक अनावर्ती स्फटिक हा क्वासिक्रिस्टल नसतो. संथपणे थंड झालेल्या खडकांतल्या लॅब्राडोराइटसारख्या प्लॅजिओक्लेज खनिजांमध्येही अनावर्ती अशी मॉड्युलेटेड रचना, म्हणजे अणूंच्या मूळ जागांवर लाटेसारखा बदल चढलेली रचना, आढळते. दुसरीकडे, ट्विनिंगची (एकमेकांना जोडून वाढलेल्या जुळ्या स्फटिकांची) शंका घेणे रास्तच आहे, मात्र ती तपासायची असते, धरून बसायची नसते. क्वासिक्रिस्टलचा शोध लावणारे शास्त्रज्ञ डॅन शेख्टमन यांना 1982 मध्ये ॲल्युमिनिअम-मँगनीज मिश्रधातूत दिसलेली दशगुणी सममिती ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग यांनी अखेरपर्यंत ट्विनिंगच मानली. 2011 चे रसायनशास्त्राचे नोबेल शेख्टमन यांना मिळाले.

सरावासाठी निर्जल सोडियम कार्बोनेट उत्तम, कारण त्याची सामान्य तापमानाची अवस्थाच अनावर्ती आहे. मात्र किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेत उघडी ठेवलेली ही पूड ओलावा शोषून मोनोहायड्रेट (पाण्याचा एक रेणू धरून ठेवणारे रूप) बनते आणि त्याची शिखरेही ‘न बसणारी’ म्हणून समोर येतात. त्यामुळे नमुना तापवून पाणी घालवावे, तो कोरडा असतानाच केशनळीत (केसासारख्या बारीक नळीत) सीलबंद करावा आणि पुन्हा मोजावा. जी शिखरे गेली ती हायड्रेटची होती. जी टिकली त्यांच्यासाठी चौथा पूर्णांक लावून पाहावा.